ताईच्या स्क्रीनवरच्या वाकड्या ओळी

काढघाले हे त्याचं खरं आडनाव नव्हे. आधीच सांगून टाकतो, कारण एकदा कुरिअरवाल्याने याच नावाने पार्सल आणलं होतं आणि त्याने मुकाट्याने सही करून ते घेतलंही होतं. नाव ठेवलं गल्लीने. दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, पण त्याचा खरा जीव मॉनिटरवर. फोन वाजला, की पलीकडचा माणूस आपलं दुःख सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच हा म्हणायचा, "मागची वायर काढा. काढलीत? आता परत घाला. अहो, घाबरू नका, ती चावत नाही. नीट दाबून घाला. दिसलं?"

दहातल्या सहा वेळा दिसायचं. पलीकडून असा काही चीत्कार यायचा, की दुकानात बाकावर बसलेल्या आम्हा रिकामटेकड्यांनाही तो ऐकू यायचा. फोन ठेवून हा आमच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "गेलं गिऱ्हाईक. सुखी राहो."

उरलेल्या चार जणांकडे तो पिशवी घेऊन जायचा. पिशवीत वायरी, स्क्रू काढायचे पाने, एक मऊ फडकं आणि एक रंगाऱ्याचा ब्रश. दुकानाच्या भिंतीला दुरुस्तीला आलेले मॉनिटर ओळीने टेकवलेले असायचे, तोंड भिंतीकडे करून, वर्गात दंगा केलेल्या पोरांसारखे. कुणाचा बरा झाला, की तो त्याला उचलून आमच्याकडे वळवायचा. "हं, आता माणसांत ये."

असा हा बोलका माणूस. हल्ली तो बोलतो, पण मोजकं बोलतो. ही गोष्ट त्याच्या ताईच्या उजव्या डोळ्याची आहे. तो डोळा गेला. दिसायला जागच्या जागी आहे, पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच त्याला दिसत नाही. आणि तो जात होता तेव्हा, नऊ महिन्यांतले चांगले चार महिने, हा तिच्या शेजारी खुर्ची ओढून मॉनिटर दुरुस्त करत होता. हे मी त्याला बोल लावायला लिहीत नाही. ते काम तो दुकान उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंत स्वतःच करतो. त्यात मदतनीस लागत नाही.

ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. धंदा पानं लावण्याचा. छापायच्या मजकुराची पानं जुळवून द्यायची, त्यातही तक्ते. शाळांची वेळापत्रकं, औषधांच्या मात्रांचे तक्ते, गाड्यांच्या वेळा, असलं सगळं चौकटीचौकटींचं काम, जे बाकीचे लोक बघूनच पळून जातात. पूर्वी छापखान्यात पुठ्ठ्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून पानं लावायचे, तेव्हापासून ती हे करते. तेव्हाची एक लकब तिला कायमची लागली होती. ओळ सरळ आहे की नाही बघायचं, तर हनुवटी पुठ्ठ्याला टेकवायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने नेम धरल्यासारखं ओळीवरून बघायचं. "केसभर वर गेलीय," म्हणायची. फूटपट्टी लावली की खरोखर केसभर वर गेलेली असायची. लहानपणी काढघालेच्या वह्यांचे समास तीच आखायची, पट्टी न लावता. मास्तरांनी एकदा त्याला उभं करून विचारलं होतं, "ही छापील वही कुठून आणलीस?"

म्हणजे ताईची नजर हा त्यांच्या घरात वादाचा विषयच नव्हता. भिंतीवर फोटो लावायचा असो, दरवाजा बसवायचा असो, शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "ताईला बोलवा." सुतार तर तिला बघून हातोडी खाली ठेवायचा.

पन्नाशी ओलांडल्यावर तिने कॉम्प्युटर शिकून घेतला. याने तिला लॅपटॉप दिला, आणि तक्ते एवढ्याशा स्क्रीनवर मावेनात म्हणून बाहेरून जोडायचा मोठा मॉनिटर आणून दिला. खिडकीजवळच्या टेबलावर तो बसवला, त्याची मान तिच्या उंचीला आणली, वायरी टेबलाच्या पायाला बांधून टाकल्या. त्याने आयुष्यात इतकी नीटनेटकी जोडणी दुसऱ्या कुणाला करून दिली नव्हती. आमच्या घरी तर त्याने वायरीचं जे वेटोळं करून ठेवलंय, त्यात मांजर झोपतं.

पहिला फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो.

"अरे, तुझा मॉनिटर लाटा मारतोय," ताई म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

"माझा कसा? दिल्या घरी सुखी राहा म्हणून पाठवलाय तो. मागची वायर काढ."

"काढली, घातली. मी काय तुझं गिऱ्हाईक आहे? तुझ्या आधी करून बसलेय."

"लाटा म्हणजे कशा?"

"ओळी मध्येच वाकतात. आणि लबाडी बघ त्याची, मी जिथे बघते तिथेच वाकतात. बाजूची ओळ सरळ. मग बाजूच्या ओळीकडे बघावं तर ती वाकते आणि ही सरळ होऊन गुपचूप बसते. तुझ्यासारखाच आहे, समोर काही वेगळं आणि पाठीमागे वेगळं."

आम्ही हसलो. तोही हसला. आणि मग त्याने त्याच्या धंद्यातला निर्णय दिला, "म्हणजे दोष हलता आहे. हलता दोष म्हणजे वायर."

नियम चुकीचा नाही. मॉनिटरवर एकाच जागी डाग असेल तर तो काचेचा, हलत असेल तर तो येणाऱ्या वायरीचा. बोट ठेवता येत नाही अशी प्रत्येक गोष्ट वायरीतून येते, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. संध्याकाळी तो नवी वायर घेऊन गेला, बदलली, आणि ताई म्हणाली, "बघते हं." दोन दिवसांनी म्हणाली, "नाही रे."

इथून पुढे त्याने जे केलं ते इतकं पद्धतशीर होतं, की आजही मला त्याचं कौतुक वाटतं. त्याची कामाची रीत म्हणजे बदलून बघणे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन कधीच नाही. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर गुन्हेगार कोण ते कळत नाही, निर्दोष माणूस उगाच तुरुंगात जातो. म्हणून आधी वायर. मग लॅपटॉपची दुसऱ्या बाजूची खाच. मग चार्जर, कारण स्वस्तातल्या चार्जरने कधीकधी स्क्रीन थरथरते. मग भिंतीतलं सॉकेट. मग शेजारचा पंखा बंद करून बघितलं. मग सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनची मापं मॉनिटरच्या मूळ मापाला आणली, सेकंदाला किती वेळा चित्र रंगवायचं तो आकडा खालीवर केला. प्रत्येक वेळी मधे चार दिवस सोडायचे, ताईने काम करून बघायचं, आणि मग पुढची गोष्ट. वहीत तारखा लिहिल्या होत्या त्याने. मी बघितलीय ती वही.

सगळं बदललं. खुर्चीतलं माणूस तेवढं बदललं नाही. म्हणजे तो स्वतः त्या खुर्चीत कैकदा बसला होता, आणि त्याला ओळी सरळच दिसायच्या. त्याचा अर्थ त्याने असा लावला, की मी बसलो की दोष लपतो. हेही त्याच्या धंद्यात रोजचं आहे. दुरुस्तीवाला आला की बंद पडलेलं यंत्र चालू होतं, हे तुम्हीही बघितलं असेल.

मग छापखानेवाला आला. म्हणजे ताईकडे आला, हातात छापलेला तक्ता घेऊन. भला माणूस, वीस वर्षं तिच्याकडूनच कामं करून घेणारा. म्हणाला, "ताई, रागावू नका, पण हे आकडे नाचतायत का हो?"

झालं होतं असं, की स्क्रीनवर आकड्यांची रांग वाकलेली दिसली म्हणून ताईने एकेक आकडा हाताने सरकवून ती सरळ केली होती. कागदावर तो तक्ता नदीसारखा वाहत होता. ताईने कागद हातात घेतला, डावा डोळा मिटून बघितलं, आणि म्हणाली, "सरळ तर आहे." मग छापखानेवाल्याने खिशातून पट्टी काढून ठेवली. ताईने कागद परत दिला आणि आत जाऊन पाणी प्यायली.

हे काढघालेला कळलं तेव्हा तो छापखानेवाल्याच्या अंगावरच धावून गेला. शब्दांनी. "माझ्या ताईच्या ओळीला वाकडी म्हणायला तुमची जीभ कशी रेटली? दोष मॉनिटरचा आहे. लिहून देतो पाहिजे तर." आणि खरंच त्याने दुकानाच्या कागदावर शिक्का मारून लिहून दिलं, की वरील चूक स्क्रीनमधील बिघाडामुळे झाली असून सदर बिघाड दुरुस्त करण्यात येत आहे. छापखानेवाल्याने तो कागद घडी करून ठेवून दिला. शहाणा माणूस, भांडला नाही. पण तक्ते दुसरीकडे द्यायला लागला, हळूहळू, एकेक.

प्रेमाने माणूस आंधळा होतो म्हणतात. इथे आंधळं कोण होत होतं ते बघा. "ताईची नजर चुकते" हा विचार त्याच्या डोक्यात यायलाच वाट नव्हती. ती वाट त्याने शिक्का मारून बंद केली होती.

एका रविवारी त्याच्याकडे आम्ही चार लोक चहाला होतो, ताईही होती. बोलता बोलता ती म्हणाली, "तुला सांगायचं राहिलं. आजकाल त्या कॅलेंडरची चौकटपण मला वाकडी दिसते. आणि न्हाणीघराच्या फरश्या."

हा पेला खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, "मग कॅलेंडरची वायर काढ आणि परत घाल."

आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. ताईसुद्धा हसली, पदराने डोळे पुसले. मी तर खोकायला लागलो. तिने ते परत कधी सांगितलं नाही. एखाद्या गोष्टीवर सगळे एवढे हसल्यावर कोण परत सांगेल? त्या दिवशी हसू ओसरल्यावर आमच्यापैकी एकाने तरी "कुठली चौकट, ताई?" एवढं विचारलं असतं, तर मी आज हे लिहीत नसतो. मी तिथेच होतो. मला खोकला आला, प्रश्न आला नाही.

त्यानंतर त्याने चौकटींची परीक्षा घेतली. मॉनिटर तपासायला त्याच्याकडे एक चित्र असतं. पांढऱ्या स्क्रीनवर काळ्या बारीक रेषांचे चौकोन, वहीच्या गणिताच्या पानासारखे, आणि मधोमध एक टिंब. स्क्रीनमध्ये कुठे ताण असेल तर रेषा तिथे वाकते. ते चित्र त्याने ताईच्या मॉनिटरवर लावलं आणि शेजारी बसला.

"आता नीट बघ. कुठल्या रेषा वाकल्यात?"

ताईने सवयीने डावा डोळा मिटला. "टिंबाजवळच्या सगळ्या. आणि टिंब कुठाय?"

"काय कुठाय? समोर आहे की."

"हां, म्हणजे धुरकट आहे. मधल्या भागावर कुणी ओला हात फिरवल्यासारखं."

त्याने बघितलं. स्वच्छ होतं. पट्टी लावली. सरळ. पंधरा मिनिटं दोघं भाऊबहीण एकाच चौकटीकडे बघत एकमेकांशी वाद घालत होते. "सरळ आहे गं." "वाकडी आहे रे." "अगं पट्टी लावलीय मी." "मग तुझी पट्टी वाकडी असेल." शेवटी दोघंही हसायला लागले. त्याने वहीत लिहिलं, "चौकट परीक्षा, दोष आढळला नाही."

आता त्याच्याकडे धंद्यातला शेवटचा उपाय उरला होता. त्याला तो समाधानाची दुरुस्ती म्हणायचा. काही गिऱ्हाइकांची तक्रार असते, पण ती दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. एका निवृत्त मास्तरांना त्यांची स्क्रीन सकाळच्या वेळी उदास वाटायची. अशा माणसाशी वाद घालायचा नाही. मॉनिटर पालथा घालायचा, मागचे चार स्क्रू काढायचे, आत ब्रश फिरवायचा, फुंकर मारायची, स्क्रू लावायचे, फडक्याने काच पुसायची आणि ठामपणे म्हणायचं, "झालं." मास्तर म्हणायचे, "बघा, केवढा फरक!" यात त्याला फसवणूक वाटत नसे. तो म्हणायचा, "यंत्राला दोष नाही, माणसाला शंका आहे. शंका दुरुस्त केली." एरवी यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्याने ती ताईवर केली. चार स्क्रू, ब्रश, फुंकर, फडकं. "झालं बघ. आतल्या पट्टीला धूळ होती."

ताईने स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. "अरे वा," ती म्हणाली, "झालं की रे! आता कसं झ्याक."

त्या दिवशी दुकानात आल्यावर त्याने आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. चार महिने डोक्याला लागलेली भुणभुण गेली होती. ताईनेही पुढे तक्रार केली नाही. विचारलं की म्हणायची, "मस्त चाललंय." तक्ते कमी झाले होते, ते ती म्हणायची मंदी आहे. तिने पत्रिका, पावती पुस्तकं, असली ढोबळ कामं घ्यायला सुरुवात केली. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. ध्यानात कसं येणार? "ताईचं बरं चाललंय" ही बातमी ती स्वतःच रोज छापून देत होती.

पाच महिने असे गेले.

मग त्याच्याकडे एक नवाकोरा मॉनिटर आला. मोठा, उत्तम काचेचा. हा आपल्या बहिणीला द्यायचा, जुन्याची कटकट कायमची मिटवायची, असं त्याने ठरवलं. खोकं घेऊन गेला. खोक्यातून काढला, स्टँडवर बसवला, टेबलावर ठेवला. वायर अजून त्याच्या हातात होती. प्लग लावलेला नव्हता. मॉनिटर नुसता काळा, बंद.

ताईने कौतुकाने त्याच्यावरून हात फिरवला. मग हनुवटी खाली आणली, डावा डोळा मिटला, आणि कडेवरून बघितलं. म्हणाली, "अरे, याची तर कडच वाकलीय. परत करून टाक."

त्याने कड बघितली. सरळ होती. त्याने हातातल्या वायरीकडे बघितलं. ती कशालाच जोडलेली नव्हती.

वायर नाही, वीज नाही, सेटिंग नाही, चित्र नाही. बदलायला काहीच उरलं नव्हतं. त्याने टेबलावरची लाकडी पट्टी उचलून तिच्यासमोर धरली.

"ही कशी दिसते?"

"वाकडी." आणि मग म्हणाली, "रागावू नकोस हं. बरेच दिवस झाले, सगळंच असं दिसतं."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली, थेंब घातले, फोटो काढले. मग ताईच्या हातात एक कार्ड दिलं आणि म्हणाल्या, एक डोळा झाका आणि मधल्या टिंबाकडे बघा. कार्डावर काळ्या बारीक रेषांचे चौकोन होते, आणि मधोमध एक टिंब. काढघाले कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "हे तर माझं चित्र आहे."

डॉक्टरीणबाईंना वाटलं त्याला काहीतरी समजलेलं नाही. त्या समजावून सांगायला लागल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध बारीक रक्तवाहिन्या फुटतात, पडदा फुगतो, आणि सरळ रेषा वाकड्या दिसायला लागतात. उजव्यात ते होऊन गेलंय, तिथे आता व्रण आहे.

"कधीपासून दिसतंय असं?" त्यांनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन आठवडे," ताई चटकन म्हणाली.

"नऊ महिने," तो म्हणाला.

"तू गप्प बस. मला माहीत की तुला?"

"वहीत तारखा आहेत, ताई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं. नऊ महिने काय केलंत?"

त्यावर तो म्हणाला, "वायरी बदलल्या."

बाईंना वाटलं असेल, माणूस थट्टा करतोय.

परत येताना त्याने विचारलं, "त्या दिवशी मी ब्रश मारला, तेव्हा तुला खरंच बरं दिसलं होतं?"

"नाही."

"मग झ्याक का म्हणालीस?"

"तू घामाघूम झाला होतास. चार महिने माझ्यापायी खेटे घालत होतास. तू झालं म्हणालास, म्हणून मीही झालं म्हटलं. तुला खरंच धूळ सापडली होती ना?"

"धूळबीळ काही नव्हती गं."

"म्हणजे थाप दोघांनीही मारली," ताई म्हणाली. आणि तिने त्याच्या हातावर चापटी मारली, लहानपणी शाई सांडल्यावर मारायची तशी.

डावा डोळा चांगला होता. पण उजव्याला झालं ते डाव्यालाही होऊ शकतं, म्हणून रोज सकाळी उजवा झाकून त्या चौकोनांकडे बघायचं, आणि रेष वाकलेली दिसली तर त्याच दिवशी यायचं, असं बाईंनी बजावलं. ताईचं आता वाचणं, चालणं, उरलीसुरली कामं, सगळं त्या एका डोळ्यावर होतं. काढघाले रोज आठला फोन करायचा.

"रेषा?"

"सरळ."

आठ दिवस असं चाललं आणि त्याच्या मनात ते शिरलं. ही सरळच म्हणणार. मला बरं वाटावं म्हणून ही उद्या डोळा गेला तरी सरळ म्हणेल, हिने एकदा केलंय. मग त्याने तिच्या मॉनिटरवर रोज सकाळी आपलं चौकोनांचं चित्र दुकानातून पाठवायला सुरुवात केली, आणि त्यातली एक रेष जराशी, अगदी केसभर, स्वतः वाकवून ठेवायचा. सगळ्या सरळ म्हणाली, तर एक तर खोटं बोलतेय, नाहीतर दिसत नाहीये.

पहिल्याच दिवशी फोनवरून किंचाळली, "गाढवा, चौथी आडवी तू वाकवलीस?"

"कशावरून मी? डोळा नसेल कशावरून?"

"डोळ्याची वाकडी मी बघते तिथे येते. ही आपल्या जागी बसलीय, मान वर करून. माझी परीक्षा घेतोस? तुझे समास मी आखलेत."

पण तिला त्यात गंमत वाटायला लागली. रोज आठ वाजता, कपात चहा ओतायच्या आधी, "सातवी उभी," "आज वरून दुसरी," "आज फारच नाजूक वाकवलीस, पण दिसली हो." तो वहीत लिहायचा. बाकी दुकानात आता तो समाधानाची दुरुस्ती करत नाही. कुणाची तक्रार त्याला दिसली नाही, तर तो खुर्ची ओढतो आणि म्हणतो, "मला दिसत नाहीये. तुम्हाला काय दिसतंय ते परत सांगा. सावकाश." लोक वैतागतात. त्या उदास स्क्रीनवाल्या मास्तरांनी दुसरा दुरुस्तीवाला बघितला.

परवाच्या मंगळवारी आठ वाजता ती म्हणाली, "आज दोन का रे? पाचवी आडवी, आणि टिंबाजवळची उभी, ती जरा पुसट वाकवलीस."

मी तिथेच होतो. त्याने स्क्रीनकडे बघितलं. त्याने एकच वाकवली होती, पाचवी. मला वाटलं तो काहीतरी विचारेल, परत बघ म्हणेल, मागची वायर तरी म्हणेल. तो म्हणाला, "चप्पल घाल. खाली येऊन उभी राहा, मी निघालोच." दुकान तसंच उघडं टाकून गेला. कुलूप मी लावलं.

पुढचं ताईने सांगितलं. रस्त्यात तिने विचारलं, "एकच वाकवली होतीस ना?"

"हो."

"मग दुसरी माझी," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून बसली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा फोटो काढला. अगदी सुरुवात होती, मोहरीएवढी. त्याच दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं. नंतर बाहेर येऊन त्या काढघालेला म्हणाल्या, "फार वेळेवर आणलंत. इतक्या लवकर कुणी आणत नाही. डोळा राहील. शाबास."

त्याने मान खाली घातली. ताईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती, आणि उजव्याने तिला समोरचा माणूस दिसत नाही, नुसती कडेची भिंत दिसते. तिने भिंतीकडे तोंड करून त्याला चाचपलं आणि म्हणाली, "अरे, ऐकतोयस ना? शाबासकी मिळतेय तुला."

"हळू बोल," तो म्हणाला, "उजव्याला ऐकू जाईल."